एसएटी न देता अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजात अर्ज : कोकणातल्या विद्यार्थ्यांसाठी वाटाड्या

अमेरिकेत पदवीला जायचं तर आधी एसएटी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, तिचे क्लास मुंबई-पुण्याला, खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा, तेव्हा तो विषयच नको, असं ठरवून गप्प बसलेली हुशार मुलं रत्नागिरी-सिंधुदुर्गात मला दर वर्षी भेटतात. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. एसएटी किंवा तिच्यासारखीच एसीटी यांपैकी कोणतीही परीक्षा न देता तिथल्या कितीतरी नावाजलेल्या कॉलेजांत अर्ज करता येतो, आणि असा अर्ज बाजूला ठेवला जात नाही.

मात्र परीक्षेचा आकडा नसला की सगळा भार उरलेल्या कागदांवर येतो. शाळेचे गुण, शिक्षकांची पत्रं, तुमचा निबंध, वर्गाबाहेर तुम्ही काय करता त्याची नोंद, एवढ्यावरच समोरचा माणूस तुम्हाला ओळखणार. आपली मुलं इथे मागे पडतात. करतात खूप, पण त्यातलं कागदावर फार थोडं येतं. म्हणून या लेखात मी जास्त वेळ कागदांवरच घालवणार आहे.

आधी नियम समजून घ्या

कॉलेजांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला टेस्ट-ऑप्शनल : गुण पाठवा किंवा पाठवू नका, मर्जी तुमची. दुसरा टेस्ट-ब्लाइंड : पाठवले तरी ते बघणार नाहीत. तिसरा प्रकार सक्तीचा. पहिल्या प्रकारात मेन राज्यातलं बोडन कॉलेज सगळ्यांत जुनं, १९६९ पासून तिथे ही परीक्षा ऐच्छिक आहे. त्याच राज्यातल्या बेट्स कॉलेजने १९८४ मध्ये, माउंट होल्योकने २००१ मध्ये आणि शिकागो विद्यापीठाने २०१८ मध्ये ती ऐच्छिक केली. म्हणजे ही करोनाकाळातली तात्पुरती सवलत आहे असं समजू नका. २०२० मध्ये परीक्षा केंद्रंच बंद पडली, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी हाच रस्ता धरला. पुढे काहींनी तो सोडला : एमआयटीने २०२२ मध्ये, तर डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेक यांनी २०२४ मध्ये परीक्षा परत आणली. येलने त्यात थोडी मोकळीक ठेवली असून एसएटीऐवजी एपी किंवा आयबी या वरच्या पातळीच्या शालेय अभ्यासक्रमांच्या परीक्षांचे गुणही तिथे चालतात. कोलंबिया विद्यापीठाने मात्र २०२३ मध्ये परीक्षा कायमची ऐच्छिक केली. बर्कली, लॉस एंजलिस, सॅन दिएगो ज्यात येतात ते कॅलिफोर्निया विद्यापीठ २०२१ पासून टेस्ट-ब्लाइंड आहे.

हे नियम दर वर्षी हलतात. चुलतभावाने तीन वर्षांपूर्वी सांगितलेलं किंवा यूट्यूबवर ऐकलेलं धरून चालू नका. प्रत्येक कॉलेजच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या पानावर, आपण ज्या वर्षी प्रवेश घेणार त्या वर्षाचा नियम वाचा. परदेशी किंवा घरी शिकलेल्या मुलांसाठी काही ठिकाणी वेगळी अट असते. शिष्यवृत्तीचं पानही वाचा, कारण प्रवेशाला परीक्षा नको पण गुणवत्ता शिष्यवृत्तीला हवी, असंही असतं.

गुण पाठवले नाहीत तर संधी कमी होते का, हे प्रत्येक पालक विचारतात. माझं मत असं : गणित आणि इंग्रजी वाचन पक्कं असेल, फी झेपत असेल आणि केंद्रापर्यंत जाणं जमत असेल, तर परीक्षा जरूर द्या. कॉलेज आपल्या प्रवेशित मुलांच्या गुणांचा मधला पट्टा जाहीर करतं. त्यात किंवा त्याच्या वर बसलात तर गुण पाठवा, खाली असाल तर पाठवू नका. पण परीक्षा फी, मुंबईचा प्रवास, मुक्काम आणि क्लास यांसाठी कर्ज काढायची वेळ येत असेल तर ती नका देऊ. तोच वेळ बारावीच्या अभ्यासाला आणि खाली सांगितलेल्या कागदांना द्या.

इंग्रजीची परीक्षा हा वेगळा विषय आहे. एसएटी ऐच्छिक म्हणून टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगोही ऐच्छिक असं होत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना यांतली एक बहुधा द्यावीच लागेल. सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं असेल तर काही कॉलेजं सूट देतात, ईमेल करून विचारा. ड्युओलिंगो घरी बसून तासाभरात देता येते आणि तिघींत सगळ्यांत स्वस्त आहे. पण ती पावसाळ्यात घरच्या मोबाइल नेटवर देऊ नका. मध्येच लाइट गेली किंवा रेंज तुटली तर परीक्षा वाया जाते. इन्व्हर्टर आणि चांगलं ब्रॉडबँड असलेल्या ओळखीच्या घरी किंवा ऑफिसात एक बंद खोली मागून घ्या.

यादी करताना पैशाचा विचार आधी

खासगी नामांकित कॉलेजात राहण्या-जेवण्यासह वर्षाचा खर्च ऐंशी-नव्वद हजार डॉलरच्या घरात जातो. आकडा ऐकून छाती दडपते, पण भरपूर मदत देणारी कॉलेजं नेमकी यांतलीच आहेत. काही कॉलेजं कुटुंबाची ऐपत पाहून जेवढं कमी पडेल तेवढं सगळं स्वतः भरतात. त्यांतली फार थोडी परदेशी मुलांच्या बाबतीतही निवड करताना पैशाची गरज विचारात घेत नाहीत. याला नीड-ब्लाइंड म्हणतात. बोडन २०२२ पासून परदेशी मुलांसाठी असं आहे. म्हणजे तिथे एसएटीही लागत नाही आणि मदत मागितली म्हणून नावावर काट बसत नाही. अशी जागा दुर्मीळ, आणि म्हणूनच स्पर्धा भयंकर. बाकीची बरीच कॉलेजं नीड-अवेअर असतात. ती मदत देतात, पण तुम्हाला किती लागेल हे निवडताना बघतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचं उदाहरण इथे मुद्दाम सांगते. परीक्षा नको, शिफारसपत्रंही नकोत, नाव जगभर मोठं, म्हणून आपली मुलं भुलतात. पण ते सरकारी विद्यापीठ आहे आणि परदेशी पदवी विद्यार्थ्यांना गरजेवर आधारित मदत तिथे जवळजवळ मिळतच नाही. घरची ऐपत नसेल तर तिथली अर्जाची फी वाया घालवू नका.

आठ-दहा नावं पुरेत. त्यांत दोन-तीन फार अवघड, तीन-चार जमण्यासारखी आणि बाकीची अशी, की जिथे तुमच्यासारखी मुलं खरोखर जातात आणि मदतही मिळवतात. अर्जाची फी साधारण पन्नास ते नव्वद डॉलर असते, पण स्मिथ, कोल्बी, ग्रिनेल यांसारख्या काही चांगल्या कॉलेजांत ती नाहीच. स्मिथ फक्त मुलींसाठी आहे, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवा. जिथे फी आहे तिथे प्रवेश कार्यालयाला थोडक्यात, स्पष्ट ईमेल लिहून फीमाफी मागता येते. समुद्र, मासेमारी, किनाऱ्याचं पर्यावरण यांत जीव रमत असेल तर मेनच्या किनाऱ्यावरचं कॉलेज ऑफ द अटलांटिक बघा. लहानसं कॉलेज, मानवी परिसंस्था हा एकच पदवी विषय, आणि परीक्षा ऐच्छिक. हर्णै-मालवणात वाढलेल्या मुलाला तिथे सांगण्यासारखं पुष्कळ असेल.

शाळेचे गुण : मार्कशीट एकटी पाठवू नका

बहुतेक अर्ज कॉमन अ‍ॅप नावाच्या एकाच फॉर्मवरून जातात. एका खात्यातून वीस कॉलेजांपर्यंत अर्ज करता येतो. त्यासाठी नववी ते बारावी चारही वर्षांचे गुण लागतात, आणि कोकणातल्या मुलांची पहिली अडचण इथेच होते. नववी-दहावी वाडीजवळच्या हायस्कुलात आणि अकरावी-बारावी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात झालेली असते. नववी आणि अकरावीचे निकाल बोर्डाचे नसतात, ते त्या त्या शाळेच्या दप्तरात असतात. जूनमध्येच जुन्या हायस्कुलात जा, लेखनिकांना भेटा आणि नववीचे विषयवार गुण शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजीत टाइप करून मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह घ्या. ऑगस्टनंतर गणपतीची धावपळ आणि मग सहामाही, कुणाला वेळ नसतो.

बारावीचा निकाल अर्जाच्या वेळी हातात नसणारच. त्याऐवजी ज्युनिअर कॉलेजने अंदाजित गुण द्यायचे असतात, चाचणी आणि सहामाहीच्या आधारे. पूर्वपरीक्षेचे गुण पुढे तिथल्या कॉलेजांना पाठवायच्या वर्षाच्या मधल्या अहवालात जातात. सरांना हे नीट समजावून सांगा, कारण आपल्याकडे पूर्वपरीक्षा मुद्दाम कडक तपासायची पद्धत आहे. मुलांनी बोर्डाला घाबरून अभ्यास करावा म्हणून दिलेले पंचावन्न टक्के अमेरिकेतल्या माणसाला खरेच पंचावन्न वाटतील. बोर्डात हा विद्यार्थी कुठे पोहोचेल असं सरांना प्रामाणिकपणे वाटतं, तो आकडा अंदाजात हवा, आणि पूर्वपरीक्षा कडक तपासतो हे वाक्यही सोबत हवं.

यापेक्षा महत्त्वाचा कागद म्हणजे शाळेची ओळख. अमेरिकेतल्या शाळा प्रत्येक अर्जासोबत स्वतःची एक-दोन पानी माहिती पाठवतात. आपल्याकडे ती कुणीच करत नाही. समजा तुम्हाला ७८ टक्के आहेत. तिथल्या वाचणाऱ्याच्या डोक्यात ९० च्या वर म्हणजे चांगलं असं बसलेलं असतं. महाराष्ट्र बोर्डात ७५ ला विशेष प्राविण्य आणि ६० ला प्रथम श्रेणी आहे, हे त्याला कोण सांगणार? आपलं कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीत आहे, त्यात फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे येतात, आणि उत्तीर्णांच्या टक्केवारीत हा विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला असतो. पण पास होणारे जास्त म्हणून ८५ टक्के मिळवणारेही जास्त, असं नाही. म्हणून त्या पानावर हे असू द्या : गाव आणि परिसर कसा, मुलं किती लांबून येतात, बारावीच्या वर्गात किती विद्यार्थी, कोणत्या शाखा, बोर्डाच्या श्रेणी कोणत्या टक्क्यांवर, गेल्या वर्षी ७५ च्या वर किती जण होते आणि ९० च्या वर किती, कोणते विषय तुमच्याकडे शिकवलेच जात नाहीत, समुपदेशक आहे की नाही. शेवटचे दोन मुद्दे फार कामाचे. एपी, संगणकशास्त्र किंवा परदेशी भाषा तुमच्या कॉलेजात नाहीत हे तिथे लिहिलेलं असेल, तर ते न घेतल्याबद्दल कुणी गुण कापणार नाही. मसुदा तुम्ही करून द्या, आकडे कार्यालयाने भरावेत, सही प्राचार्यांची.

नावाचंही बघा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी छापतात, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात असतं, आणि जन्मदाखल्यावर कधी गावावरून पडलेलं तिसरंच आडनाव निघतं. अर्जात नाव पासपोर्टप्रमाणे लिहा. फरक असेल तर अकरावीच्या मे महिन्यातच दुरुस्तीला लागा.

शिक्षकांचं पत्र

समुपदेशकाचं पत्र प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक लिहू शकतात. त्याशिवाय साधारण दोन विषयशिक्षकांची पत्रं लागतात, अकरावी-बारावीत शिकवलेल्यांची. आपले सर आणि बाई मनापासून कौतुक करतात, पण पत्र असं होतं : ‘हा विद्यार्थी हुशार, मेहनती, आज्ञाधारक व सुस्वभावी आहे. त्याच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा.’ शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शोभावं असं हे वाक्य. हजारो अर्जांत ते शेकडो वेळा आलेलं असतं आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. एसएटीचा आकडा नसताना तर हे पत्र म्हणजे तुमच्या बुद्धीची साक्ष आहे.

त्याऐवजी सरांनी एक प्रसंग सांगायला हवा. समजा रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात टायट्रेशनची उत्तरं सगळ्या वर्गाची सारखी आली, कारण सगळ्यांनी पहिल्या बाकावरून उतरवली. एकाच मुलीचं उत्तर वेगळं आलं. तिने ते बदललं नाही, प्रयोग परत केला आणि ब्युरेटचा कॉक गळतो हे दाखवून दिलं. सरांनी एवढंच लिहिलं, तर तिच्या सचोटीबद्दल आणि डोक्याबद्दल वेगळं विशेषण लागत नाही.

सरांना असा प्रसंग आठवावा म्हणून तुम्ही त्यांना मदत करू शकता. जूनमध्ये भेटून विनंती करा, आणि एका पानावर मराठीत लिहून द्या : तुमच्या विषयात मला काय आवडलं, कुठे अडलो, वर्गात घडलेल्या या दोन-तीन गोष्टी, पुढे काय शिकायचंय. पत्र मात्र सरांनीच लिहायचं. ‘तूच लिहून आण, मी सही करतो,’ असं प्रेमाने म्हणतील, तेव्हा नम्रपणे नाही म्हणा. ते अप्रामाणिक आहे, आणि दोन पत्रांची व निबंधाची भाषा एकच आली की तिथे लगेच ओळखतात. सरांना इंग्रजीत लिहायला अवघड वाटत असेल तर त्यांनी मराठीत मोकळेपणाने लिहावं आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी भाषांतर करावं. मूळ मराठी पत्रही सोबत जोडावं. पत्र वाचण्याचा तुमचा हक्क सोडता का, असं फॉर्म विचारतो. सोडतो म्हणा, त्याने पत्राची किंमत वाढते.

कॉमन अ‍ॅप सरांना ईमेल पाठवतं आणि पत्र त्याच दुव्यावरून चढवायचं असतं. बऱ्याच सरांचा ईमेल महिनोन्‌महिने उघडलेला नसतो, कधी तो त्यांच्या मुलाच्या फोनवर असतो. कॉलेजच्या संगणक कक्षात त्यांच्या शेजारी बसून खातं उघडून द्या, ईमेल स्पॅममध्ये गेला नाही ना ते बघा, आणि मग खोलीबाहेर जा.

वर्गाबाहेर काय करता

इथे दहा रकाने असतात, प्रत्येकात वर्णनासाठी १५० अक्षरं. रोबोटिक्स क्लब नाही, वादविवाद मंडळ नाही, म्हणून मुलं दोन रकाने भरून थांबतात. दिवसाचे चार तास ज्या कामात जातात ते काम ती मोजतच नाहीत. घरकाम, धाकट्या भावंडांना सांभाळणं, आजीला दवाखान्यात नेणं, दुकानात बसणं, यांसाठी फॉर्ममध्ये कौटुंबिक जबाबदारी असा वेगळा प्रकार आहे. मजुरी किंवा पगारी कामाचाही आहे. लाजू नका, कमीपणा मानू नका. तिथले वाचणारे ही नोंद शोधतच असतात.

लिहायचं कसं ते बघा. देवगडजवळच्या एका मुलीचं उदाहरण घेऊया. तिने पहिल्यांदा लिहिलं : ‘वडिलांना आंबा व्यवसायात मदत केली.’ मग तिला विचारलं, म्हणजे नक्की काय केलंस? मार्च ते मे. पहाटे पाचपासून शाळेपर्यंत. काढणी झालेल्या फळाची प्रतवारी, पेटीत गवत घालून आंबा लावणं, डागी फळ बाजूला. वाशीच्या दलालाकडे जायच्या ऐवजी मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना थेट पेट्या पाठवायचं तिनेच सुचवलं, वहीतला हिशेब मोबाइलवर आणला, कुणाची पेटी कुठे पोहोचली ते रोज बघितलं. मग रकाना असा झाला : ‘हापूसची प्रतवारी व पॅकिंग, ८० घरांना थेट विक्री सुरू केली, हिशेब व पार्सलचा माग ठेवते, दलालाचं कमिशन वाचलं.’ त्याच कामाचं हे दुसरं वाक्य वाचून ती मुलगी दिसते. शेजारच्या रकान्यात आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे खरे खरे भरा. फुगवलेला आकडा बेरीज केली की दिवसाच्या चोवीस तासांत बसत नाही.

याच डोळ्याने आपल्या बाकीच्या गोष्टी बघा. नमन-खेळ्यात मृदंग वाजवणं, दशावतारात काम करणं, डबलबारीच्या भजनात कोरसला बसणं, शिमग्याला पालखी नाचवणाऱ्या मंडळाचा जमाखर्च ठेवणं, रापण ओढायला जाणं, कांदळवनात खेकडे पकडताना भरती-ओहोटीचं गणित शिकणं, होमस्टेला आलेल्या पाहुण्यांना किल्ला दाखवणं. रापण म्हणजे काय, दशावतार म्हणजे काय, हे चार शब्दांत सांगा. वाचणाऱ्याला ठाऊक नसतं, पण जाणून घ्यायची त्याची तयारी असते.

निबंध

मुख्य निबंध ६५० शब्दांपर्यंत. विषय दिलेले असतात, पण त्यांत हवं ते बसवता येतं. गरिबी सांगून दया मिळवायचा प्रयत्न करू नका, आणि अमेरिका किती महान हेही सांगू नका. एखादी लहान गोष्ट निवडा, जी तुमच्याशिवाय कुणी लिहू शकणार नाही, आणि ती करताना तुमच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगा.

पहिला मसुदा मराठीत करा. इंग्रजीत सुरुवात केली की पाठ्यपुस्तकातली वाक्यं येतात. मराठीत आईला सांगावं तसं लिहा, मग स्वतः इंग्रजीत आणा. साधी वाक्यं चालतात. एआयकडून लिहून घेतलेला निबंध गुळगुळीत होतो आणि तुमचा राहत नाही, शिवाय कॉमन अ‍ॅपच्या नियमात ती फसवणूक धरली जाते. गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात, त्यांत इंग्रजी वाचणारी ताई किंवा दादा असतोच. त्यांना वाचायला द्या, पण एवढंच विचारा : कुठे कंटाळा आला, कुठे कळलं नाही? दुरुस्ती तुमची तुम्ही करा.

परिस्थिती आणि अडचणी सांगायला वेगळा छोटा रकाना आहे. निसर्ग वादळाने ३ जून २०२० ला दापोली-मंडणगड-श्रीवर्धनची नारळी-पोफळी आडवी केली. नवी झाडं धरायला वर्षं जातात, आणि त्या घरांत तो फटका अजून चालू आहे. तुमच्या घरी असं काही घडलं असेल, कॉलेजला रोज दोन एसट्या बदलून जावं लागत असेल, तर ते इथे सरळ तीन-चार वाक्यांत लिहा. निबंध त्यासाठी खर्च करू नका.

पैशाचे कागद

मदत हवी असेल तर प्रवेशाच्या अर्जासोबतच मागा. परदेशी मुलांनी आधी मागितली नाही तर पुढे चार वर्षं ती मिळत नाही, असा नियम बऱ्याच कॉलेजांचा आहे. त्यासाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म असतो. त्याला पैसे पडतात, म्हणून काही कॉलेजं त्याऐवजी परदेशी विद्यार्थ्यांचा स्वतःचा मोफत फॉर्म घेतात. कोणता लागतो ते विचारून घ्या.

तो फॉर्म पगारदार माणसाला डोळ्यासमोर ठेवून केलेला आहे. आपल्याकडे तसं नसतं, म्हणून सोबत एक-दोन पानी खुलासापत्र लागतंच. बागायतदाराचं शेती उत्पन्न आयकरमुक्त असतं, त्यामुळे विवरणपत्र भरलेलंच नसेल. तसं स्पष्ट लिहा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आंबा-काजूच्या विक्रीच्या पावत्या आणि बँकेचं पासबुक जोडा. खर्चही लिहा : फवारणी, राखण, पेट्या, गडी. एक वर्ष मोहोर करपला तर उत्पन्न निम्म्यावर येतं, म्हणून तीन वर्षांचे आकडे द्या.

सातबारा हा कोकणातला खास प्रश्न. उताऱ्यावर पणजोबांपासूनची पंचवीस-तीस नावं असतात, त्यांत तुमच्या वडिलांचं एक. जमीन चार एकर दिसते, किनाऱ्याजवळच्या भावाने गुणली की तुम्ही कोट्यधीश ठरता. प्रत्यक्षात वाटप झालेलं नसतं, सगळ्यांच्या सहीशिवाय एक गुंठा विकता येत नाही. तुमचा हिस्सा किती, तो का विकता येत नाही, कसतं कोण, उत्पन्न कुणाकडे जातं, हे लिहा. उतारा इंग्रजी भाषांतरासह जोडा.

मच्छीमार घरांत उत्पन्न वाट्याने येतं. मालकाचा वाटा, तांडेलाचा वाटा, खलाशाचा वाटा ही पद्धत समजावून सांगा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि त्या दोन महिन्यांत काहीच येत नाही, हेही. सोसायटीचं पत्र मिळालं तर उत्तम. वडील मुंबईत, आई गावी असं घर असेल तर खोलीचं भाडं आणि गावचा खर्च असे दोन संसार दाखवा. आखातात किंवा जहाजावर असलेल्यांच्या घरी करार संपला की उत्पन्न थांबतं, म्हणून कराराची मुदत लिहा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. आकडे कमी करून दाखवू नका, आणि तोंडओळखीवर जास्तीचा दाखलाही काढू नका. व्हिसाच्या वेळी हेच कागद पुन्हा समोर येतात.

वर्ष कसं मांडायचं

अकरावी संपल्यावर मे महिन्यात पासपोर्ट, नावाची दुरुस्ती आणि कॉलेजांची कच्ची यादी. जूनमध्ये सर-बाईंना विनंती, जुन्या शाळेचे गुण. १ ऑगस्टला कॉमन अ‍ॅप नव्या वर्षासाठी उघडतं. गणपतीच्या सुट्टीत निबंध, पाऊस ओसरल्यावर इंग्रजीची परीक्षा, दिवाळीच्या सुट्टीत पैशाचे फॉर्म. लवकरच्या अर्जाची मुदत साधारण १ नोव्हेंबर असते आणि नेहमीच्या अर्जाची १ ते १५ जानेवारी. मात्र आपली पूर्वपरीक्षा जानेवारीत आणि बोर्ड फेब्रुवारीत, म्हणून सगळं १५ डिसेंबरपर्यंत संपवा. लवकरच्या अर्जात अर्ली डिसिजन हा प्रकार बंधनकारक असतो, निवड झाली की जावंच लागतं. किती मदत मिळेल याचा अंदाज नसेल तर त्यात पडू नका. आणि एमएचटी-सीईटी किंवा इथल्या पदवी प्रवेशाची तयारी चालूच ठेवा. हा रस्ता अनिश्चित आहे.

एजंट लाखभर रुपये मागतात आणि त्यांना कमिशन देणाऱ्या कॉलेजांकडेच तुम्हाला वळवतात. अमेरिकी सरकारची एज्युकेशन-यूएसए ही सेवा मोफत मार्गदर्शन करते, तिचं केंद्र मुंबईत आहे आणि ऑनलाइनही प्रश्न विचारता येतात. खात्रीचं, फुकटचं सोडून पैसे मोजायचं कारण नाही.

निकाल मार्चअखेरीस, शिमग्याच्या आसपास किंवा नंतर लागतात. होकार आले तर मदतीची पत्रं शेजारी ठेवून बघा : एकूण खर्चातून अनुदान किती, कर्ज किती, कॅम्पसवरच्या कामातून किती, विमान आणि आरोग्य विमा धरलाय का. कमी पडत असेल तर कॉलेजला नम्रपणे लिहून फेरविचार मागता येतो. १ मेपर्यंत उत्तर द्यायचं असतं, म्हणजे ऐन आंब्याच्या हंगामात. घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. मग कॉलेज आय-२० नावाचा कागद पाठवतं, त्यावर ३५० डॉलरची सेविस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची) फी आणि १८५ डॉलरची व्हिसा फी भरून मुंबईच्या वकिलातीत मुलाखत होते.

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि प्रवेश त्या गुणांवर अवलंबून असतो. अंदाजित गुणांपेक्षा खूप घसरण झाली तर कॉलेज होकार मागे घेऊ शकतं, म्हणून होकार आला तरी शेवटच्या पेपरपर्यंत अभ्यास सोडू नका. ऑनलाइन निकालाच्या प्रिंटवर सगळीकडे भागत नाही. मूळ गुणपत्रक काही दिवसांनी ज्युनिअर कॉलेजात येतं. ते हातात आलं की त्याच आठवड्यात प्राचार्यांकडून अंतिम अहवालासोबत पाठवा, आणि पोहोचल्याचा ईमेल आला की नाही ते तपासा.